कमरेकडे बघण्याचे दिवस

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या कमरेकडे बघायची सवय आमच्या आईला लागली ती कोथिंबिरीपाशी. अमेरिकेत कॅरीला येऊन आम्हाला सहाएक वर्षं झाली होती. आई ग्रोसरीच्या दुकानात कोथिंबिरीच्या जुड्या नाकाशी धरून बघत होती, कारण तिथली अर्धी कोथिंबीर म्हणजे तशीच दिसणारी पार्सली निघायची आणि ते घरी येऊन कळायचं. शेजारी एक गृहस्थ टोमॅटो निवडत होते. साठीचे असतील, गुबगुबीत, चेहऱ्यावर आजोबांचा भाव. प्रत्येक टोमॅटो अंगठ्याने हलकेच दाबून बघत होते आणि त्यांच्या पट्ट्याला उघडं पिस्तूल लटकत होतं. आईने कोथिंबीर जागेवर ठेवली, भरलेली कार्ट तशीच सोडली, माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "टोमॅटो घ्यायला कशाला लागतं गं ते?" त्या दिवशी आमच्याकडे आमटी कोथिंबिरीशिवाय झाली आणि बाबांनी जेवताना समजावून सांगितलं की या राज्यात ते चालतं, कायद्याने चालतं, आणि ज्याचं दिसतं त्याची भीती बाळगू नये. आई म्हणाली, बरं झालं सांगितलंत, म्हणजे ज्याचं दिसत नाही त्याची बाळगायची. बाबांचा समजावण्याचा कार्यक्रम बहुतेक वेळा असाच संपायचा.

तेव्हापासून तिचं निरीक्षण सुरू झालं. यात अडचण अशी की त्या काळात आपल्याकडच्या समस्त आयटीवाल्या पुरुषांच्या कमरेला काही ना काही असायचंच. मोबाईलचं चामडी पाऊच, ऑफिसचा बॅज, कोणाचा पेजर, आणि बाबांचं तर चष्म्याचं घरही तिथेच. मराठी मंडळाच्या पॉटलकला हे सगळे एका रांगेत पुरीभाजी वाढून घ्यायला उभे राहिले की आईच्या डोळ्यांना विश्रांती नसे. पाऊच आहे, पाऊच आहे, हे काय आहे, पाऊचच आहे. मी पंधरा वर्षांची होते आणि मला या सगळ्याची भयंकर लाज वाटायची. शाळेत पोस्टमनकडे किंवा प्लंबरकडे टक लावून बघणारी आई कोणाचीच नव्हती. पण लाज वाटता वाटता मीही कधी बघायला लागले ते मला कळलं नाही. आज पन्नाशीच्या जवळ आले तरी लिफ्टमध्ये शिरताना माझी नजर आधी खाली जाते. लोकांना वाटतं, बाई विनयशील आहे.

आमचं घर म्हणजे मुख्यतः आवाजांचं घर होतं. आईने मोहरी टाकली की ती तडतडायच्या आधी छतावरचा स्मोक अलार्म ओरडायला लागे. मग बाबा हातात वर्तमानपत्र घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभे राहत, आणि माझा धाकटा भाऊ ओम कानांवर हात ठेवून घरभर पळे. ओम पाच वर्षांचा, इथेच जन्मलेला. त्याच्याशी आम्ही मराठीत बोलायचो आणि तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा. त्याला लपायचं वेड होतं. वॉशिंग मशीनच्या मागे, सोफ्याखाली, एकदा तर तांदळाच्या मोठ्या पिशवीशेजारी पोतं पांघरून. आईच्या कपाटात, म्हणजे त्या चालत आत जाता येईल अशा क्लॉझेटमध्ये, भारतात जायच्या आठ मोठ्या बॅगा एकावर एक रचलेल्या होत्या. ते त्याचं सगळ्यात आवडतं ठिकाण, पण हे मला नंतर कळलं. मोठ्या बहिणीला जे आधी कळायला हवं ते मला बहुतेक वेळा नंतरच कळत आलं आहे.

सुहासकाका आणि विद्याकाकू नागपूरचे. रक्ताचं नातं काही नाही, पण आम्हाला विमानतळावर घ्यायला तेच आले होते. पहिले अठरा दिवस आम्ही त्यांच्याकडे राहिलो, त्यांच्याच गाद्यांवर झोपलो, बाबांना हायवेवर गाडी घालायला काकांनीच शिकवलं. ओम झाला तेव्हा बाबा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी अडकले होते आणि आईला हॉस्पिटलात काकांनी नेलं. ओमला सगळ्यात आधी हातात घेणारा माणूस म्हणजे सुहासकाका. हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एका संध्याकाळी काकांच्या गाडीची काच पार्किंगमध्ये फोडून कोणीतरी लॅपटॉप नेला. एवढंच झालं, त्यांच्या अंगाला कोणी हात लावला नाही. पण काका बदलले. हॉटेलात दाराकडे तोंड करून बसायला लागले. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या गाडीत कोण आहे ते बघायला लागले. आणि आयुष्यभर शर्ट खोचून, भांग पाडून हिंडलेला माणूस एकाएकी शर्ट बाहेर काढून हिंडायला लागला.

आईच्या हे लक्षात यायला एक रविवार पुरला. भांडी घासताना तिने बाबांना विचारलं, भावजी हल्ली शर्ट का खोचत नाहीत? बाबा म्हणाले, पोट सुटलंय त्याचं. आई म्हणाली, पोट तुमचंही सुटलंय, तुम्ही तर खोचता. दुसऱ्या दिवसापासून बाबांनीही शर्ट बाहेर काढला. त्यामुळे तपासाला मदत झाली नाही.

विचारून टाकायचं, एवढा सोपा उपाय कोणालाच सुचला नाही असं नाही. सुचला, पण आपल्यात तसं विचारत नाहीत. ज्याने आपल्याला गादी दिली त्याला, भावजी, तुमच्या कमरेला पिस्तूल आहे का, असं चहाचा कप पुढे करत विचारायचं कसं? त्याला काय वाटेल? मग आईने मला कामाला लावलं. मी स्वतःला बरीच हुशार समजत होते. पुढच्या वेळी काका जेवायला आले तेव्हा मठ्ठा देताना मी त्यांच्या पायाशी मुद्दाम चमचा पाडला. वाकले की शर्ट वर सरकेल असा माझा डाव. काका वाकलेच नाहीत. पाठ ताठ ठेवून सरळ उकिडवे बसले, चमचा उचलला आणि हसून मला दिला. मी आत जाऊन आईला सांगितलं की काही दिसलं नाही, काकांची कंबर धरली असावी. आईने माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मला अजून आठवते. जो माणूस दर रविवारी क्रिकेट खेळतो त्याची कंबर धरली असावी, हा माझा निष्कर्ष.

त्याच दिवसांत काका मला गाडी शिकवत होते. लर्नर्स परमिट मिळायच्या आधी मी शाळेच्या ड्रायव्हिंगच्या वर्गाला कित्येक आठवडे बसले होते, लेखी परीक्षा दिली होती, डोळे तपासून घेतले होते. आणि आता वर्षभर शेजारी मोठं माणूस बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही असा नियम होता. काका फार कडक. आरसे बघितलेस का, पुन्हा बघ. खांद्यावरून मागे बघ. गाडी म्हणजे खेळणं नाही, मेधा, एक चूक आणि कोणाचं तरी पोर जातं. हे ते मला दर रविवारी सांगायचे, आणि त्यांना स्वतःला पिस्तूल बाळगायचा परवाना एका शनिवारच्या वर्गात मिळाला होता, मध्ये सँडविचची सुट्टी धरून. हा हिशोब मला तेव्हा माहीत नव्हता. आता माझ्या राज्यात ती शनिवारची अटसुद्धा जाच आहे, काढून टाका, असं म्हणणारे लोक अधूनमधून पुढे येतात, तेव्हा मी विधिमंडळाच्या सुनावणीला जाते. बोलायला दोन-तीन मिनिटं देतात. माझं इंग्रजी अचानक कारकुनी होतं, आणि मी दर वेळी तो गाडीचा परवाना आणि हा परवाना शेजारी शेजारी ठेवून दाखवते. समोरचे सभ्यपणे मान हलवतात. त्यांच्यातल्या कोणाच्या कोटाखाली काय आहे ते मी बोलताना बघत असते.

नवं घर घेतलं आणि आईने सत्यनारायण घातला. घर चाळीस माणसांनी भरलं. स्वयंपाकघरातून साजूक तुपात रवा भाजल्याचा वास, केळी, वेलदोडा, आणि स्मोक अलार्म बाबांनी आदल्या दिवशीच स्टुलावर चढून काढून ठेवलेला. गुरुजी आठवडाभर कुठल्यातरी बँकेचे डेटाबेस सांभाळायचे आणि शनिवार-रविवार पूजा सांगायचे. दोन्ही कामांत त्यांना एकही चूक खपत नसे. जोडे बाहेर हे तर झालंच, पण चौरंगापाशी येणाऱ्याच्या अंगावर चामडं चालणार नाही, हे त्यांनी दारातच बजावलं होतं. पाकिटं, पट्टे, घड्याळाचे पट्टे, सगळं काढून ठेवा. जिन्याच्या कठड्यावर पुरुषांचे पट्टे ओळीने लोंबत होते आणि सगळे काका लोक एका हाताने पँट सावरत हिंडत होते.

माझ्याकडे वर मुलांना सांभाळायचं काम होतं. सात-आठ मुलं, लपाछपी, आणि खाली आवाज जाऊ द्यायचा नाही. पण मला दर पाच मिनिटांनी खाली डोकवायचंच असे, कारण आज काका पट्टा काढणार, म्हणजे आज निकाल लागणार होता. कथेचा शेवटचा अध्याय संपत आला तशी मी जिन्यात येऊन बसले. गुरुजींनी नाव घेऊन काकांना आरतीला पुढे बोलावलं. ओमच्या जन्माच्या वेळचं सगळं त्यांना ठाऊक होतं. काका गर्दीतून पुढे आले. शर्ट चक्क खोचलेला, पट्टा नाही, कंबर सपाट, एका हातात पँट आणि दुसऱ्या हातात निरांजन. काही नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि मी जिन्यातूनच हाताने तिला खूण केली, काही नाही, रिकामं. उगाच इतके दिवस एका भल्या माणसावर संशय घेतला म्हणून मी तिच्यावर थोडी रागावलेसुद्धा. आरती सुरू झाली, टाळ वाजायला लागले.

मग दहाएक सेकंद गेले असतील. मी कठड्यावर लोंबणारे पट्टे बघत होते. बाबांचा ओळखला. देशपांडेकाकांचा ओळखला. सुहासकाकांचा जाड काळा पट्टा, तो त्यात नव्हता. घरात शिरताना तर त्यांचा शर्ट बाहेर होता. मी दार उघडलं होतं, मीच बघितलं होतं. मग ते मध्येच वर येऊन गेले होते, बाथरूम कुठे म्हणून विचारत, आणि मीच त्यांना आईबाबांच्या खोलीकडे बोट दाखवलं होतं.

वर गेले तेव्हा बाकीची मुलं माझ्या खोलीत होती आणि राज्य असलेली मुलगी भिंतीला तोंड लावून आकडे म्हणत होती. नव्या घरातही आईच्या क्लॉझेटमध्ये त्या बॅगा तशाच रचलेल्या होत्या, आणि त्याचं दार अर्धं उघडं होतं. बॅगांच्या त्या रचलेल्या पायऱ्या चढून ओम वरच्या फळीपर्यंत गेला होता, आणि चादरींच्या घडीमागे त्याला लपवलेलं सापडलं होतं. आता तो खाली बॅगेवर मांडी घालून बसला होता. पट्टा मांडीवर, म्यान पट्ट्यालाच अडकवलेलं, आणि म्यानातून निम्मं बाहेर आलेलं ते. दोन्ही हातांत मूठ धरून तो ते ओढत होता. तोंड माझ्याकडे, म्हणजे ओमचंही आणि पिस्तुलाचंही.

"इट्स सो हेवी, ताई," तो म्हणाला. कौतुकाने.

पुढे जाऊन हिसकावून घेतलं असतं तर त्याने ते घट्ट धरलं असतं. पाच वर्षांच्या मुलाच्या हातातून काहीही हिसकावलं की तो तेच करतो. ओरडले असते तर दचकला असता. हे सगळं मी आज शहाणपणाने लिहिते आहे, तेव्हा मी यातलं काहीच ठरवलं नाही. खालून तुपाचा वास येत होता, टाळ वाजत होते, आणि माझ्या तोंडून आईचं रोजचं वाक्य निघालं.

"ओम, प्रसाद. हात पुढे कर."

त्याने मूठ सोडली. उजवा हात वर, डावा त्याच्याखाली, कोपर नीट टेकवून, जसं त्याला बोलायला यायच्या आधीपासून शिकवलं होतं तसे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मी त्याची मनगटं पकडली आणि त्याला बॅगेवरून उचलून घेतलं. पट्टा त्याच्या मांडीवरून घसरून गालिच्यावर पडला. काही झालं नाही. मी त्याला बाहेर नेलं, क्लॉझेटचं दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. ओम माझ्या रिकाम्या हातांकडे बघून रडत होता. "यू सेड प्रसाद."

त्याला खाली पाठवून मी दुसऱ्या एका मुलाकरवी काकांना बोलावून घेतलं. ते पँट सावरत दोन-दोन पायऱ्या चढून आले, दाराला टेकलेली मी त्यांना दिसले आणि त्यांचा चेहरा उतरला. मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, फार थोडं असेल. ते आत गेले, बाहेर आले, शर्ट पुन्हा बाहेर काढलेला. म्हणाले की गाडी फार लांब लागली होती, पाचच मिनिटांचा प्रश्न होता, इतक्या उंचावर ठेवलं होतं. मी विचारलं, भरलेलं होतं का? त्यांनी शर्ट सारखा केला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात थंडगार होता. म्हणाले, मेधा, झालं नाही ना काही, मग आईबाबांना नको सांगू, उगाच घाबरतील.

मी सांगितलं असतं की नाही, हे मला अजून माहीत नाही. मला वाटायला आवडतं की सांगितलं असतं. पण पंधरा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचं गुपित सांभाळण्यात एक मोठेपणा वाटतो, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता, मला गाडी चालवायची होती. ते ठरवायची वेळ माझ्यावर आली नाही. प्रसाद कुठे आहे म्हणून ओमने खाली जाऊन आईच्या पदराला धरून जी तक्रार केली, त्यात सगळं सांगून झालं होतं. आई जिन्यात उभी होती. हाताला पंचामृत लागलेलं, कपाळावर हळदीकुंकू, नवीन पैठणी.

खाली चाळीस पानं वाढायची होती. तिने आवाज चढवला नाही.

"भावजी, जेवून जा. पण आधी ते गाडीत ठेवून या, गाडी कितीही लांब असू दे."

"वहिनी, तुम्ही माझ्यावर संशय घेता?" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "अहो, माझ्या गाडीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे ना. उद्या इथे कोणी घुसलं तर? तुमच्यासाठीच बाळगतो ना मी."

"संशय तर महिना झाला घेते आहे. विचारायची लाज वाटली, ती माझी चूक," आई म्हणाली. "ती आता नाही करणार. यापुढे या घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी दारात विचारणार. तुम्हाला, गुरुजींना, माझा सख्खा भाऊ आला तर त्याला. असेल तर आत यायचं नाही."

काका वळले. खाली गेले, जोडे घातले, आणि ते जेवायला परत आले नाहीत. विद्याकाकूंना नंतर दुसऱ्या कोणीतरी घरी सोडलं.

आईने खरंच विचारायला सुरुवात केली. चपला इथे काढा, पाणी देऊ का, आणि बरोबर पिस्तूल वगैरे नाही ना, हे सगळं एकाच दमात. लोक हसायचे, काही जण दुखावायचे, एक जोडपं पुन्हा आलंच नाही. बाबा काही दिवस दाराशी जायचंच टाळत. पण एक गोष्ट झाली. तिने कमरांकडे बघणं सोडलं. हे मला फार उशिरा उमगलं. नियम नसला की ज्याच्याजवळ हत्यार आहे तो निर्धास्त हिंडतो आणि पहारा बाकीच्यांना करावा लागतो, आणि तोही आपल्याच माणसांवर. नियम आला की संशयाची नोकरी सुटते. आईला तिच्या घरापुरता कायदा करता आला. घराबाहेर तो करायला तिच्याकडे दार नव्हतं. माझी मुलगी लहान असताना तिच्या मैत्रिणींच्या घरी मी फोन करून विचारायचे, तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे का. मुलगी उशीत तोंड खुपसून म्हणायची, "आई, नोबडीज मॉम आस्क्स दॅट." दोनदा पलीकडून उत्तर यायला जरा वेळ लागला. त्या दोन घरी ती गेली नाही.

ओमच्या सहाव्या वाढदिवसाला विद्याकाकू आल्या. दारात आईने विचारलं, काकूंनी नाही म्हणून सांगितलं आणि दोघी एकमेकींना धरून थोडं रडल्या. मग काकू हळूच म्हणाल्या, हेही आले आहेत, गाडीत आहेत. ते ठेवून येत नाहीत म्हणाले आणि खोटंही बोलणार नाहीत म्हणाले, म्हणून बसलेत.

खिडकीतून दिसत होतं. काका आमच्या ड्राइव्हवेत, गाडीत, स्टिअरिंगमागे बसून होते. बाबा दोनदा बाहेर जाऊन आले, दुसऱ्यांदा आले ते सरळ बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. केक कापला. आईने एक ताट वाढलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड, कोशिंबीर, केकचा तुकडा, सगळं नीट, डावं उजवं सांभाळून, आणि वर फॉइल लावून माझ्या हातात दिलं. तिने ओमला माझ्याबरोबर पाठवलं नाही.

काकांनी काच खाली केली. ताट घेतलं, मांडीवर ठेवलं. शेजारच्या सीटवर कागदात बांधलेली सायकलची घंटा होती, ती माझ्याकडे दिली. म्हणाले, ओमला दे, उंची वाढली का त्याची? मी म्हटलं, आत येऊन बघा ना. ते हसले. म्हणाले, जा, पुऱ्या गार होतील. मग ते घराकडे बघू लागले. आत ओम कुठेतरी लपला असणार आणि सगळे त्याला हाका मारत होते, ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

मी वळले. चार पावलं गेले असेन, मागे काच वर गेली आणि पाठोपाठ गाडीच्या चारही दारांची कुलपं एकदम लागली.